साडेतीन हजार नोंदी, एक पुस्तक, आणि आउटलायनर कुठला घ्यायचा?

प्रश्न: मी नोकरी सांभाळून घड्याळांच्या इतिहासावर पुस्तक लिहायची तयारी करतेय. नोंदी साडेतीन हजारांच्या आसपास झाल्यात, थोड्या फोनच्या नोट्समध्ये, थोड्या व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या, बाकीच्या वर्डच्या फायलींत आणि नोशनमध्ये. अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत. दर वेळी नवीन ॲप घेते, सगळं तिकडे हलवते, फोल्डर करते, टॅग लावते, आणि लिहायला बसलं की काहीच हाताला लागत नाही. भाऊ म्हणतो ऑर्ग-मोड शीक, मैत्रीण म्हणते वर्कफ्लोई घे. माझ्याकडे विंडोज लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे, प्रवासात नेट नसतं, कोडिंग येत नाही. एआयला सगळं वर्गवार लावायला सांगावं का असंही मनात येतं. फिरवून न सांगता सांगा, कुठलं घेऊ?

उत्तर: फिरवून न सांगता सांगायचं तर नोंदी ठेवायला ऑब्सिडियन, पुस्तकाचा आराखडा करायला डायनालिस्ट (हा आउटलायनर, म्हणजे ओळींच्या याद्या रचून आराखडा करायचं ॲप), आणि प्रकरण लिहायला तुमचं आत्ता आहे तेच वर्ड. तीन नावं ऐकून तुम्ही वैतागाल, कारण तुम्ही एकच मागितलंय, पण मला वाटतं ते एकच मागणंच तुम्हाला दर वेळी नडतंय, आणि ते का हे नीट सांगितल्याशिवाय नुसती नावं देऊन उपयोग नाही, नाहीतर हे चौथं स्थलांतर होईल.

बघा, तुमच्या पत्रात ॲपबद्दल भरपूर आहे पण त्या नोंदींमधून शेवटी काय बाहेर पडायचंय ते "पुस्तक लिहायची तयारी" एवढ्यात संपलंय. आता साठवणं आणि रचणं ही दोन कामं वेगळी आहेत. साठवताना एकच प्रश्न असतो, सहा महिन्यांनी हे मला सापडेल का. कुठली नोंद आधी आणि कुठली नंतर याला तिथे काही अर्थच नसतो. रचताना बरोबर उलटं, तिथे सगळा प्रश्न क्रमाचा असतो, हे सांगितल्यावर वाचकाला पुढे काय हवं, हे कशाच्या पोटात जाईल, हे इथून उचलून तिकडे टाकलं तर काय बिघडेल. कपाट आणि टेबल यांत जेवढा फरक तेवढाच हा फरक आहे. तुम्ही दर वेळी कपाट विकत घेताय, त्यात सगळं नीट लावताय, आणि मग त्या कपाटाच्या फळीवरच लिहायला बसताय. त्यामुळे सगळं जागच्या जागी असूनही काही हाताला लागत नाही.

आउटलायनर हे मुळात टेबल आहे. त्याचं मूळ काम एवढंच, ओळी लिहायच्या, एकीच्या पोटात दुसरी सरकवायची, नको ते मिटवून ठेवायचं, हवं ते उघडायचं, आणि अख्खी फांदीच्या फांदी उचलून दुसरीकडे न्यायची. हे काही नवीन नाही बरं का. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे गाजलेलं प्रात्यक्षिक दिलं, माऊस लोकांनी पहिल्यांदा पाहिला ते, त्यात पडद्यावरची यादी गटांत लावून ती मिटवून-उघडून दाखवली होती. मग १९८३ मध्ये डेव्ह वायनर यांच्या कंपनीचा थिंकटँक आला, १९८६ मध्ये मॅकवर मोअर आला, आणि आजच्या वर्कफ्लोईमध्ये जे आपण करतो त्यातलं पुष्कळसं तेव्हाच होत होतं. सांगायचं कारण असं की नवीन ॲप आलं म्हणून आपलं काहीतरी राहून जातंय असं वाटून घेऊ नका, गाभा तोच आहे.

दुकानात, म्हणजे ॲप स्टोअरवर, या सगळ्यांना एकाच माळेत ओवलेलं असतं म्हणून गोंधळ होतो. एक जात अशी की डावीकडे झाड, उजवीकडे कागद. डावीकडचं एक शीर्षक दाबलं की उजवीकडे तो मजकूर उघडतो, चेरीट्री हे त्याचं चांगलं उदाहरण, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अख्खा संग्रह हवा तर एकाच फाइलमध्ये ठेवतं. दुसरी जात अशी की झाड हाच कागद, प्रत्येक ओळ ही नोंद, सगळं एका पानावर सलग दिसतं, वर्कफ्लोई, डायनालिस्ट, लॉगसेक, ऑर्ग-मोड हे सगळे या बाजूचे. पहिली जात साठवायला छान पण रचायला अडचणीची, कारण एका वेळी एकाच नोंदीचा मजकूर दिसतो, दोन नोंदी एकमेकींना कशा भिडतात ते दिसतच नाही. आणि रचताना तर तेच बघायचं असतं ना. म्हणून तुम्हाला आराखड्यासाठी दुसऱ्या जातीचंच हवं, यात मला शंका नाही.

आता तुमच्या विषयातलंच उदाहरण घेऊ. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं आणि पुढे ते जहाजावर न्यायचे प्रयत्न झाले. ही एक नोंद. ती कुठे जाणार? माणसांच्या फोल्डरमध्ये हायगेन्सखाली? यंत्ररचनेत लंबकाखाली? की समुद्रावर रेखांश कसा काढायचा त्या भागात? तिन्हीकडे बसते, आणि फोल्डर म्हणतं एकच जागा निवड. तुम्ही त्या दिवशीच्या मूडप्रमाणे एक निवडता आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच ठिकाणी शोधता. यावर ॲपवाल्यांनी तीन उपाय काढलेत. टॅग, म्हणजे नोंद एकच आणि खुणा कितीही. दुवे, म्हणजे नोंदीतून नोंदीकडे जाता येतं. आणि आरसे, वर्कफ्लोईमध्ये ही सोय आहे, म्हणजे एकच ओळ दोन-तीन ठिकाणी दिसते आणि कुठेही बदलली की सगळीकडे बदलते.

आरसे बघितले की हेच पाहिजे असं वाटतं, पण मी तुम्हाला सांगेन की साठ्यासाठी टॅग आणि दुवे वापरा आणि आराखड्यात आरसे जवळजवळ वापरूच नका. कारण पुस्तकात हायगेन्सचं घड्याळ जहाजावर एकदाच चढणार आहे. ते कुठल्या प्रकरणात चढणार हे ठरवणं हेच तर लेखकाचं काम, आणि आरसा ते ठरवणं पुढे ढकलू देतो. वाटतं की झालं, तिन्हीकडे लावलं, आणि लिहायला बसलं की तीच गोष्ट तीन प्रकरणांत तीनदा सांगितलेली निघते.

टॅगचंही एक आहे. तुम्ही "इतिहास", "महत्त्वाचं", "नंतर वाचणे" असले टॅग लावले असणार, बहुतेक जण लावतात. घड्याळांच्या इतिहासाच्या संग्रहात "इतिहास" हा टॅग लावून काहीच वेगळं निघत नाही, सगळ्यालाच लागतो तो. टॅग असा हवा की तो दाबल्यावर जी यादी येईल तिचा तुम्हाला कधीतरी खरंच उपयोग होईल. "रेखांश", "लंबक", "बॅलन्स-व्हील", "आकडा-तपासायचा", असे. शेवटचा तर मला फार आवडतो, कारण एक दिवस बसून सगळे तपासायचे आकडे एकदम निपटवता येतात.

आता जरा थांबून ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तिकडे येते, आणि त्याचा ॲपशी काहीच संबंध नाही. आराखड्यातली ओळ ही वाक्य असली पाहिजे, लेबल नको. तुमचा आत्ताचा आराखडा, जर असेल तर, मी पैजेवर सांगते असा असणार: लंबक, हायगेन्स, रेखांशाचा प्रश्न, हॅरिसन, क्रोनोमीटर. हे बघून वाटतं की प्रकरण तयार आहे. पण यात एकही विधान नाहीये. लंबकाचं काय? हॅरिसन या घड्याळजीने काय केलं, आणि ते आधीच्यापेक्षा वेगळं कसं? लेबल हे डब्यावरचं नाव झालं, आत काही आहे की नाही ते कळत नाही.

तेच असं लिहून बघा: "लंबकाने घड्याळाची दिवसाची चूक मिनिटांवरून सेकंदांवर आणली." त्याखाली, "पण लंबकाला स्थिर जमीन लागते, हेलकावणाऱ्या जहाजावर त्याची लय बिघडते." त्याखाली, "समुद्रावर वेळ चुकली की रेखांश चुकतो, कारण पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते." मग, "म्हणून १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं." मग, "हॅरिसनने १७५९ मध्ये पूर्ण केलेल्या चौथ्या घड्याळात लंबक नाहीच, खिशातल्या मोठ्या घड्याळासारखं आहे ते, आत भराभर झुलणारं बॅलन्स-व्हील नावाचं चाक." या ओळी वर-खाली करून बघा, लगेच कळतं की रेखांशाची ओळ जहाजाच्या ओळीआधी आली तर गोष्ट जास्त घट्ट होते. लेबलं वर-खाली करून हे कधीच कळलं नसतं, कारण लेबलं कुठल्याही क्रमाने लावली तरी सारखीच बरी दिसतात. आणि जिथे वाक्य सुचत नाही तिथे तुम्हाला अजून वाचायचंय असा त्याचा सरळ अर्थ, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर मदत करणार नाही. ही सवय लागली ना तर तुम्ही वहीत सुद्धा आराखडा कराल आणि तो चालेल.

एआयचं विचारलंत. साठ्यातल्या नोंदींना टॅग सुचवायला, एकच गोष्ट दोनदा लिहिलीय का ते दाखवायला जरूर वापरा, नजरेखालून घालायची तयारी ठेवून. पण आराखडा त्याला करायला देऊ नका, निदान पहिला तरी नको. तो तुम्हाला नीटनेटकी लेबलं देईल, कालक्रमाने, आणि ती इतकी बरी दिसतील की तुमची स्वतःची मांडणी काय होती हे शोधायचं राहूनच जाईल.

बरं, आता ॲपकडे. ऑब्सिडियन साठ्यासाठी का? कारण त्यातल्या नोंदी साध्या मजकुराच्या फायली असतात, तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच फोल्डरमध्ये. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी नोटपॅडने उघडतील. नेट लागत नाही. टॅग आहेत, दुवे आहेत, शोध चांगला आहे, स्वतःपुरतं वापरायला फुकट आहे. दोन उपकरणांवर सारखं ठेवायचं असेल तर त्यांची स्वतःची सिंक सेवा पैसे देऊन मिळते आणि तीच सगळ्यात कमी कटकटीची. पण माझं म्हणणं, सुरुवातीला फोनवर ऑब्सिडियन टाकूच नका, का ते पुढे येतं. आणि एक कळकळीची विनंती, त्याचे प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयी, हजारोंनी आहेत, तिकडे पहिले काही महिने ढुंकूनही बघू नका, माणसं प्लगिन लावण्यात पुस्तकं विसरून जातात.

मग आराखडाही त्यातच का नाही? करता येतो, याद्या मिटतात-उघडतात, आउटलायनर नावाचं एक प्लगिनही आहे. पण तुमचा इतिहास बघता मला दोन्ही जागा वेगळ्या हव्यात. साठ्यात गेलं की तुम्ही आवरायला लागता. आराखड्याचं ॲप उघडलं की समोर फक्त पुस्तक दिसलं पाहिजे, साडेतीन हजार नोंदी नाहीत.

डायनालिस्ट आणि वर्कफ्लोई हे दोन्ही या कामाला सारखेच चांगले. वर्कफ्लोई दिसायला स्वच्छ, पण फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला किती नवीन ओळी लिहायच्या यावर मर्यादा आहे, आणि तुम्ही एका बैठकीत शे-दीडशे ओळी लिहाल तेव्हा मध्येच अडकायला होईल. डायनालिस्टच्या फुकटच्या प्लॅनमध्ये ओळींना अशी मर्यादा नाही, कागदपत्रं वेगवेगळी करता येतात, म्हणजे प्रकरणागणिक एक. दोन्हीत नेट नसताना काम चालतं, नेट आलं की जुळवून घेतं. मैत्रिणीने वर्कफ्लोई सुचवलंय आणि ती रोज वापरत असेल, अडलं तर विचारायला जवळ असेल, तर खुशाल तेच घ्या, पैसे भरायची तयारी असेल तर माझी काहीच हरकत नाही.

एक गोष्ट लपवणार नाही, डायनालिस्ट ज्या दोघांनी काढलं त्यांनीच २०२० मध्ये ऑब्सिडियन आणलं आणि तेव्हापासून त्यांचा जोर तिकडेच आहे, डायनालिस्टमध्ये नवीन फारसं काही येत नाही. मग मी ते का सुचवतेय? कारण आराखड्याचं आयुष्यच छोटं असतं. पुस्तक लिहून झालं की तो संपला. साठा मात्र तुम्हाला दहा-पंधरा वर्षं जपायचाय, पुढच्या पुस्तकालाही लागेल. टिकाऊपणाची अट साठ्याला लावा, आराखड्याला हाताळायला सोपं असण्याची अट लावा, दोन्ही अटी एकाच ॲपवर लादल्या की कुठलंच ॲप पास होत नाही आणि आपण शोधतच बसतो.

टिकाऊपणाबद्दल मी एवढं का बोलतेय तर या क्षेत्राचा इतिहासच तसा आहे. विंडोजवर एको प्रो नावाचा एक आउटलायनर होता, रकाने, तारखा, एकच नोंद अनेक याद्यांत, आजही लोक त्याची आठवण काढतात. कंपनीने १९९७ मध्ये त्याचं काम थांबवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक तीच जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर कशीबशी चालवत राहिले, कारण आतला माल तेवढ्याच चांगल्या आकारात बाहेर काढून ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

म्हणून ओपीएमएल हे नाव लक्षात ठेवा. थिंकटँकवाल्या डेव्ह वायनर यांनीच पुढे २००० साली आणलेला हा फाइलचा प्रकार, आउटलाइन एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायला. डायनालिस्ट, वर्कफ्लोई, दोघंही ही फाइल देतात आणि घेतात. पण ओपीएमएल म्हणजे सगळं जसंच्या तसं येईल असं समजू नका. ओळी आणि त्यांची पोटपातळी येते, बाकीचं म्हणजे रंग, जोडलेली चित्रं, आरसे, हे ज्या-त्या ॲपच्या घरचं असतं आणि वाटेत गळू शकतं. म्हणून आराखडा जितका साधा ठेवाल तितका तो हलवायला सोपा.

भावाचं ऑर्ग-मोड. उत्तम वस्तू आहे, मनापासून सांगते. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये सुरू केलेलं, साध्या मजकुराची फाइल, आराखडा, कामं, तारखा, सगळं त्यात. फक्त ते इमॅक्स नावाच्या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये चालतं आणि इमॅक्स शिकणं हा स्वतंत्र उद्योग आहे. ज्याला संगणकात रमायला आवडतं त्याने जरूर शिकावं. तुमच्याकडे नोकरीतून उरलेले तास आहेत आणि ते पुस्तकाला हवेत. भावाला हे प्रेमाने सांगा.

नोशनमध्ये तुमच्या नोंदी आहेतच, त्यात तक्ते फार छान होतात, घड्याळांची यादी, वर्ष, कर्ता, सध्या कुठल्या संग्रहालयात, अशा गोष्टींना ते राहू द्या. पण ते मुळात नेटवर चालणारं, नेट नसताना त्यावर विसंबून राहू नका. लॉगसेक सुचवणारेही भेटतील, फुकट आणि ओपन सोर्स आहे, रोजची डायरी लिहीत लिहीत नोंदी जोडत जायचा ज्यांचा स्वभाव आहे त्यांना ते मानवतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही तशा वाटत नाही. ऑम्नीआउटलायनर ॲपलवाल्यांसाठी, तुमचा प्रश्न मिटला.

आणि संदर्भ, म्हणजे पुस्तकाचं नाव, पान नंबर, लेख, हे यापैकी कशातच नका ठेवू, त्यासाठी झोटेरो आहे, फुकट आहे, वर्डमध्ये तळटीपा आणि संदर्भसूची स्वतः टाकून देतं. नोंदीत फक्त लेखक आणि पान नंबर लिहा म्हणजे झोटेरोत शोधता येईल. पान नंबर नसलेली नोंद ही पुस्तकाच्या शेवटच्या महिन्यात किती छळते ते कुठल्याही लेखकाला विचारा.

आता एक गोष्ट जी इंग्रजीतल्या तुलनांमध्ये कधीच नसते आणि तुम्हाला नक्की नडणार, ती म्हणजे मराठीत शोधणं. तुम्ही "काटा" शोधलंत तर "काट्यांची" लिहिलेली नोंद सापडत नाही, कारण विभक्ती लागली की शब्दच बदलतो. "लंबक" शोधलं तर "लंबकाचा" सापडतो कारण मूळ शब्द आत शाबूत आहे. म्हणून शोधताना शब्द आधीच तोडायचा, "काट" एवढंच टाकायचं, म्हणजे काटा, काटे, काट्यांची सगळं येतं. "तारा"चंही तसंच, "ताऱ्यांचा" निसटतो.

त्याहून बारीक म्हणजे "ॲस्ट्रोलेब" किंवा "ॲटॉमिक" यातलं पहिलं अक्षर. काही कीबोर्ड त्यासाठी एकच स्वतंत्र अक्षर टाकतात, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ मध्ये आलं, आणि काही कीबोर्ड "अ" टाकून वर चंद्र लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण बऱ्याच ॲपच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. फोनवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल तर तुमच्या निम्म्या नोंदी अशाच हरवल्या असतील, आणि तुम्ही ॲपला दोष देत असाल. "ताऱ्यांचा" मधला अर्धा र सुद्धा दोन पद्धतींनी टाइप होतो. तेव्हा शक्यतो दोन्हीकडे एकाच पद्धतीने टाइप करा, आणि परकी नावं एकदाच ठरवून टाका. हायगेन्स, ह्यूजेन्स, हायगन्झ असं तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर ती तुमच्यासाठी तीन माणसं झाली. प्रत्येक नोंदीत नाव एकदा इंग्रजी स्पेलिंगनेही लिहा, शोध सोपा होतो आणि तुमच्या इंग्रजी नोंदीही त्याच शोधात येतात.

फोनचं राहिलं होतं. फोनवर फक्त डायनालिस्ट ठेवा आणि त्यात इनबॉक्स म्हणून एकच यादी. ट्रेनमध्ये काही सुचलं, काही वाचलं, तिथे टाका, टॅग नको, जागा नको. आठवड्यातून एकदा लॅपटॉपवर बसून ती यादी रिकामी करा, माहिती असेल तर ऑब्सिडियनमध्ये, आराखड्यातलं वाक्य असेल तर आराखड्यात, बाकी पुसून टाका. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं आजपासून बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, साडेतीन हजार नोंदी हलवू नका. हो, खरंच नका हलवू. एक प्रकरण निवडा, समुद्रावरच्या वेळेचं निवडलंत तर बरं, त्यात गोष्ट आयती आहे. त्याचा आराखडा डायनालिस्टमध्ये आधी डोक्यातून लिहा, नोंदी न उघडता, पूर्ण वाक्यांत, वीस-पंचवीस ओळी. मग प्रत्येक ओळीला लागेल तेवढंच जुन्या चार ठिकाणांतून शोधून ऑब्सिडियनमध्ये आणा. पन्नास-साठ नोंदी येतील. बाकीच्या आहेत तिथे राहू देत, प्रकरण लिहिताना लागल्या तर येतील, नाही लागल्या तर त्या या पुस्तकाच्या नव्हत्याच. पातळ्या तीन, फार तर चार, त्याहून खोल गेलं की समजा ते वेगळं प्रकरण आहे किंवा तो तपशील आहे जो लिहिताना सुचेल.

आराखडा जमल्यासारखा वाटला की तो मजकूर म्हणून वर्डमध्ये उतरवा आणि वरच्या पातळीच्या ओळींना हेडिंगची स्टाइल द्या. वर्डमध्ये ऑल्ट आणि शिफ्ट दाबून वर-खालीचे बाण दाबले की परिच्छेद सरकतो, डावी-उजवीकडचे दाबले की हेडिंगची पातळी बदलते, आणि बाजूच्या नॅव्हिगेशन पट्टीत हेडिंग ओढलं की त्याखालचा सगळा मजकूर त्याच्याबरोबर जातो. म्हणजे लिहितानाही रचना बदलता येते, मागे आउटलायनरकडे धावायला लागत नाही. पुष्कळ लोकांच्या संगणकात हे वर्षानुवर्षं आहे आणि त्यांना माहीतच नाही.

हे एक प्रकरण होईपर्यंत दुसरं कुठलंही ॲप बघायचं नाही. झाल्यावर मात्र तपासा: नेट बंद करून दोन्ही ॲप उघडली का, फोनवर नोंद टाकायला किती वेळ लागला, तिसऱ्या पातळीवरची फांदी पोटातल्या ओळींसकट दुसरीकडे सहज गेली का, "काट" शोधल्यावर सगळे काटे आले का. यात काही अडलं असेल तर तेवढंच बदला, सगळं नाही.

आणि नोशनचे पैसे भरत असाल तर ते बंद करायच्या आधी तिथलं सगळं एक्सपोर्ट करून घ्या, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत मिळतं, ती झिप फाइल नुसती ठेवून देऊ नका, उघडून दहा-बारा नोंदी वाचून बघा, मराठी अक्षरं नीट आलीत ना, चित्रं आलीत ना, तक्ते वेगळ्या फायलींत आलेत ते सापडतायत ना. व्हॉट्सॲपवरच्या त्या स्वतःशीच केलेल्या गप्पांचंही एक्सपोर्ट निघतं, चॅटच्या मेनूत आहे, तेही एकदा काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पहिलं प्रकरण झालं की कळवा, आणि कुठे अडलं तर त्या आराखड्यातल्या दहा ओळी पाठवा, त्यावर बोलू.